गोगलगाईंची बदली

बॉथेलमध्ये पाऊस पडत नाही, राहायला येतो. ऑक्टोबरात पाहुणा म्हणून दारात उभा राहतो आणि जून उजाडला तरी उठायचं नाव काढत नाही. त्याच्या मागून त्याचं गणगोत येतं. शेवाळ, अळंब्या आणि गोगलगाई. या गोगलगाईंच्या पाठीवर शंख नसतो. घरदार नसलेला माणूस जसा दिसेल त्या पानावर बसतो, तशा त्या दिसेल त्या पानावर बसतात आणि पान संपलं की उठतात.

"मांजराएवढी आहे वं एकेक," परदेशात मुलाकडे राहायला आलेल्या सुजाताबाई गजभिये भंडाऱ्याकडच्या पवनीतल्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगत. "परवा एकीनं माझी चप्पल खाल्ली."

"कोणत्या पायाची?" बहीण विचारी.

"डाव्या."

"मंग उजवीचं काय केलं?"

"तिच्यासाठीच ठेवली. येईन आज."

चप्पल कोणी खाल्ली नव्हती. पालक खाल्ला होता, मेथी खाल्ली होती, आणि चुक्याला दोन पानं फुटतात न फुटतात तोच तो देठासकट गेला होता.

गावाबाहेर टेकडीखाली बावन्न तुकड्यांचा एक सामायिक मळा होता. दोन वर्षं रांगेत नाव लावून आयुषनं आईसाठी त्यातला एक तुकडा मिळवला होता, दहा फूट बाय वीस. एवढ्या जागेत पवनीची बैलजोडी वळलीसुद्धा नसती. पण सुजाताबाईंना ती पुरत होती. घरी मुलगा आयुष आणि सून भावना दोघं गुणी. सकाळी आठला "आई, ओके ना?" विचारायचे आणि आपापल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायचे, ते संध्याकाळी सहाला "आई, ओके ना?" विचारायला बाहेर यायचे. मधल्या दहा तासांत त्या घरात सुजाताबाईंशी कोणी बोलत असेल तर तो मायक्रोवेव्ह. मळ्यात निदान गुडघे बोलायचे.

मळ्याचे नियम आयुषनं मराठी करून वाचून दाखवले होते. पंधरा जूनला पाहणी. दोन तृतीयांश जागेत पीक उभं दिसलं नाही तर ताकीद. सलग दुसऱ्या वर्षी तेच झालं तर जागा जाणार. आणि दुसऱ्याच्या वाफ्याचं मुद्दाम नुकसान केलं तर त्याच दिवशी जाणार, पुन्हा रांगेतही उभं करणार नाहीत.

"आई, सिंपल आहे," तो म्हणाला. "बाऊलमध्ये बीअर ओतायची आणि काठापर्यंत मातीत पुरायची. वासानं येतात, पितात, बुडतात. इथं सगळे तेच करतात. एकदम ऑर्गॅनिक."

सुजाताबाईंनी हातातली कणीक तशीच ठेवली. "पहिलं शील बुडवू का पाचवं?"

"म्हणजे?"

"जीव मारायचा नाही, दारूला शिवायचं नाही. एका वाटीत दोन शीलं गटांगळ्या खातील रे."

"तू थोडीच पिणार आहेस!"

"पाजणारी तर मीच नं."

मग सुजाताबाईंनी आपली रीत बसवली. साडेपाचला उजाडायचं. अंगात आयुषचा जुना रेनकोट, डोक्याला स्कार्फ, हातात फुलके भाजायचा चिमटा आणि दह्याचा मोठा रिकामा डबा. वाफ्याच्या लाकडी चौकटीपाशी बूड टेकायचं आणि पान उलटून एकेक गोगलगाय उचलायची. चिमट्यात आली की ती आखडून सुपारीएवढी व्हायची आणि डब्यात पडली की पुन्हा लांब. हाताला त्यांचा चिकटा लागायचा. पाणी लावलं की तो वाढतो, कोरडा चोळून त्याच्या गोळ्या कराव्या लागतात. तीसेक झाल्या की डब्याला झाकण लावायचं, गुडघ्यावर हात देऊन उठायचं आणि चढ चढून देवदारांच्या झाडीत जायचं. दोनशे बारा पावलं. तिथं नेच्याखाली डबा पालथा करायचा. "सुखी राहा, इकडं येऊ नका," एवढं सांगायचं आणि परत फिरायचं.

त्या यायच्याच. पाठीवर करडे ठिपके असलेली एक तर चार वेळा आली. सुजाताबाईंचे यजमान धर्मराज एसटीत कंडक्टर होते. कुठंही बदली करा, आठ महिन्यांत मूळ डेपोत हजर. तिला पाचव्यांदा चिमट्यात धरताना सुजाताबाई म्हणाल्या, "आलात? जेवून घ्या." आणि स्वतःशीच इतक्या हसल्या की डबा कलंडला.

शेजारचा तुकडा रत्नाबाई परचुऱ्यांचा. पुण्याच्या, सत्तरीला टेकलेल्या, शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. मार्चमध्ये पहिल्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी सुजाताबाईंना फोनवर बोलताना ऐकलं आणि खुरपं टाकून धावत आल्या. "अगंबाई, मराठी!" पाऊण तास दोघी पावसात उभ्या होत्या. रत्नाबाईंचे यजमान वर्षापूर्वी गेले होते, त्यासाठी त्या चार महिने पुण्यात अडकल्या, वाफा ओसाड पडला, ताकीद मिळाली. मुलाच्या घरात तळघरातली खोली. सगळं सांगून झालं. "उद्या थालीपीठ आणते," असंही ठरलं.

"आडनाव काय म्हणालात?"

"गजभिये."

"हो का," रत्नाबाई म्हणाल्या, आणि वर आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येणार असं वाटतं."

पाऊस चालूच होता.

थालीपीठ आलं नाही. दोन्ही तुकड्यांत मिळून पाण्याची नळी एकच होती. सुजाताबाईंचं पाणी देऊन झालं की रत्नाबाई पिशवीतून कागदी रुमाल काढायच्या, तोटी पुसायच्या आणि मग हातात धरायच्या. कोविड गेल्यापासून इथं सगळेच सगळं पुसतात, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण मळ्याची व्यवस्था पाहणारी लोरेन बाई दर मंगळवारी तीच नळी वापरायची, तिच्यानंतर रुमाल निघायचा नाही. सुजाताबाईंनी पाच मंगळवार मोजले.

महिन्यातून एकदा जवळच्या रेडमंड गावी कोणाच्या तरी घरी वंदना असायची. पंचवीस-तीस माणसं, सोफे भिंतीला सरकवलेले, टीव्हीखाली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिथं उपासना नावाची फार्मसीत काम करणारी मुलगी मैत्रीभावना शिकवायची. डोळे मिटायचे आणि मनातली मैत्री एकेकाला द्यायची. आधी स्वतःला, मग जिवलगाला, मग ज्याच्याशी घेणं ना देणं अशा कोणाला, मग ज्याच्यावर राग आहे त्याला. आणि मग सगळ्या जिवांना.

"काकू, जमतं का?" उपासनानं एकदा विचारलं.

"जमते नं. गोगलगाईपर्यंत जाते माझी."

"वा! म्हणजे शेवटपर्यंत पोचलात."

"चौथा टप्पा सोडून. तो मी गाळते. आपल्या बसनं एखादा थांबा नाही घेतला तर काय झालं?"

सगळे हसले. सुजाताबाईही हसल्या, पण त्या दिवशी परतताना आयुषच्या गाडीत त्या काचेकडे तोंड करून बसल्या.

मेच्या चौथ्या आठवड्यात तो थांबा स्वतःहून समोर आला. रात्रभर पाऊस झाला होता. डब्यात चाळीसच्या वर गोगलगाई, उजवा गुडघा पपईसारखा सुजलेला. सुजाताबाई चिखलाचे पाय धुऊन, नळी बंद करून वळल्या तर रत्नाबाई मागे उभ्या, हातात रुमाल तयार. त्यांनी तोटी पुसली. मग जिथं सुजाताबाईंनी नळी धरली होती तिथं पुसलं. मग आणखी वीतभर पुढं पुसलं. रुमाल घडी करून पिशवीत ठेवला, गुड मॉर्निंग म्हणाल्या, खुरपं धुतलं आणि गेल्या.

सुजाताबाई चढाकडे बघत उभ्या राहिल्या. दोनशे बारा पावलं. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. त्या धुक्यात फक्त एक कावळा होता आणि तो कोणाला सांगण्यातला नव्हता. त्यांनी कुंपणावरून हात लांब केला आणि डबा रत्नाबाईंच्या मेथीवर पालथा केला.

काही मारलं नव्हतं. शील मोडलं नव्हतं, जरा वाकलं होतं इतकंच. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी दुखत नव्हता, पण एव्हाना सवय लागली होती. सोळा दिवस सुजाताबाईंनी गोगलगाईंची बदली सहा पावलांवर केली.

त्यांचा वाफा असा उसळून आला की विचारू नका. नवलकोलाची रोपं पोरांसारखी एकमेकांना ढुशा मारत वर आली. फ्लॉवरची पानं एवढी रुंद झाली की त्याखाली माणूस झोपावा. पलीकडे रत्नाबाईंची मेथी गेली, पालक गेला, वाटाण्याचे वेल नुसत्या दोऱ्या होऊन राहिले. रत्नाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. एकदा त्या हवेत बोलाव्यात तसं म्हणाल्या, "माझ्याच नशिबी कुठून येतात इतक्या?" त्या पहिल्या दिवसानंतर अडीच महिन्यांत शेजारणीशी त्या गुड मॉर्निंगपलीकडे पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. सुजाताबाईंनी खुरपं उगाच मातीत रोवलं.

सतराव्या दिवशी सकाळी त्या डबा घेऊन कुंपणापाशी गेल्या आणि हात तसाच राहिला. रत्नाबाईंच्या वाफ्यात दह्याच्या लहान डब्या काठापर्यंत पुरलेल्या होत्या. आठ डब्या. वास आला तो पवनीच्या बस थांब्यामागच्या गुत्त्याचा. डब्यांत गोगलगाई होत्या. फुगून पांढुरक्या झालेल्या, एकीवर एक, काही अर्ध्या बाहेर लोंबत. तिसऱ्या डबीत वरच करडे ठिपके होते.

सुजाताबाई चिखलात बसल्या. चिमट्यानं तिला बाहेर काढली, पानावर ठेवली. ती आखडली नाही, लांबही झाली नाही. "अहो," सुजाताबाई म्हणाल्या. तीन महिने एकही जीव मारला नाही म्हणून रेडमंडला मान ताठ करून बसणाऱ्या बाईनं आठ डब्या भरून मारले होते, आणि तेही दारू पाजून.

त्या दिवशी घरी त्या जेवल्या नाहीत. "ओके ना?" दोघांनी विचारलं. "ओके," त्या म्हणाल्या.

पुढचे सहा दिवस त्या पाचलाच मळ्यात यायच्या. आधी रत्नाबाईंच्या वाफ्यात उतरून गोगलगाई वेचायच्या, मग आपल्या. डबा दोनदा भरायचा, चढ दोनदा. चारशे चोवीस पावलं जाताना, तेवढीच येताना. गुडघ्यानं बोलणं सोडून आता ओरडणं धरलं होतं. पण वाफ्यात खायलाच काही उरलं नव्हतं. पंधरा जून आला तेव्हा ती जागा शाळेच्या मैदानासारखी होती.

लोरेन लाल रेनकोट घालून, हातात फळी आणि कागद घेऊन आली. सुजाताबाईंच्या नवलकोलाकडे बघून तिनं अंगठा वर केला. मग पलीकडे गेली. हळू आवाजात बोलली, रत्नाबाईंच्या दंडावर हात ठेवला, दोनदा सॉरी म्हणाली. रत्नाबाई मान हलवत होत्या. शाळेतल्या बाईसारख्या ताठ उभ्या होत्या, फक्त खालचा ओठ त्यांच्या ऐकण्यात नव्हता.

"काय म्हणते ते?" सुजाताबाईंनी कुंपणाशी येऊन विचारलं.

सांगायला दुसरं कोणी जवळ असतं तर रत्नाबाईंनी उत्तर दिलं नसतं. पण दुसरं कोणी नव्हतं. "जागा काढून घेतायत. दुसरं वर्ष ना माझं."

सुजाताबाईंनी डबा खाली ठेवला. "तिले सांगा, गोगलगाई मी टाकल्या."

"काय?"

"माझ्या वाफ्यातल्या. तुमच्या वाफ्यात. सोळा दिवस, रोज सकाळी. सांगा नं तिले. मले इंग्रजी येत नाही."

लोरेन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे हसून बघत होती. तिला वाटलं, शेजारीण समजूत घालते आहे.

"मुद्दाम?" रत्नाबाई म्हणाल्या.

"मुद्दाम."

"का पण? मी काय केलं तुमचं?"

"तुम्ही तोटी पुसता."

"ते कोविडपासून सगळेच..."

"लोरेननं धरली का नाही पुसत. पाच मंगळवार पाहिले मी."

रत्नाबाई मातीकडे बघत म्हणाल्या, "माझी आई पुसायची. का, ते कधी बोलली नाही. मी विचारलं नाही. हात आपोआप जातो."

"माझा आपोआप नाही गेला. मी समजून-उमजून केलं." सुजाताबाई म्हणाल्या. "तुमचा वाफा गेला, अन् त्या बिचाऱ्या मेल्या ते निराळंच."

"कोण मेल्या?"

"गोगलगाई."

"माझ्या मेथीपेक्षा गोगलगाईंचं वाईट वाटतंय तुम्हाला?"

"दोन्हीचं वाटते. पण मेथी पुन्हा पेरता येते."

रत्नाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात उशिरा येऊन खरं कारण सांगणाऱ्या पोराकडे बघावं, तसं. लोरेननं काहीतरी विचारलं. रत्नाबाई तिच्याकडे वळल्या आणि इंग्रजीत बोलू लागल्या. सुजाताबाईंना वाटलं, दोन वाक्यांत होईल. चांगली तीन मिनिटं चाललं. रत्नाबाईंनी झाडीकडे हात केला, आभाळाकडे केला, नवलकोलाकडे केला. सुजाताबाई हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या. आपला तुकडा त्या डोळ्यांनी मोजून घेत होत्या, दहा बाय वीस. लोरेननं मान हलवली, कागदावर लिहिलं, सुजाताबाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या वाफ्याकडे गेली.

"सांगितलं?"

"सांगितलं. पाऊस फार झाला, झाडीतून गोगलगाई आल्या. शेजारच्या बाई रोपं देणार आहेत आणि लावूनही देणार आहेत. तीन आठवडे मिळालेत."

"अवो पण हे तर खोटं आहे!"

"अर्धं. रोपं द्या, तेवढं खरं होईल."

खोटं न बोलण्याचं शील रत्नाबाईंनी कधी घेतलंच नव्हतं, तेव्हा ते मोडायचाही प्रश्न नव्हता. पण घेतलेल्या बाईला मात्र पायांखालची माती हलल्यासारखी वाटली.

"माझी जागा गेली असती," त्या म्हणाल्या. "काऊन वाचवली?"

रत्नाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "उपकार म्हणून नाही. मला राग आलाय, फार आलाय. पण तुम्ही गेलात तर या जागेवर कोणीतरी येईल आणि वर्षभर माझ्याशी हवामानावर इंग्रजीत बोलेल. तुम्ही बहिणीशी फोनवर बोलता ना, चप्पल खाल्ली वगैरे, ते मी इकडून ऐकते. दिवसभरात तेवढंच मराठी पडतं माझ्या कानावर." आणि त्या मागं न बघता गेल्या.

चार दिवस त्या फिरकल्या नाहीत. सुजाताबाई गोगलगाई वेचत होत्या, चढ चढत होत्या. वेचताना डोळे मिटून त्यांनी चौथ्या टप्प्यावर थांबून पाहिलं. रत्नाबाई आल्या, रुमाल घेऊनच आल्या. मन मऊ वगैरे काही झालं नाही. रागही तसाच, लाजही तशीच. पण इतके दिवस ती जागा रिकामी ठेवून त्या पुढं जात होत्या, आज तिथं कोणीतरी उभं होतं, मुलाच्या तळघरात राहणारं, वाकल्यावर कंबर धरणारं. सुजाताबाईंनी डोळे उघडले आणि विचार करण्यापेक्षा काम बरं म्हणून खुरपं उचललं. पाचव्या दिवशी त्यांनी आपल्या नवलकोलातली निम्मी रोपं मुळाच्या मातीसकट उचलली आणि रत्नाबाईंच्या वाफ्यात नेऊन लावायला घेतली. तीन ओळी झाल्या असतील.

"हे काय करताय?"

रत्नाबाई. हातात खुरपं, डोक्याला प्लास्टिकची टोपी.

"लावून राहिली."

"असे खेटून? वीतभरावर? गड्डे कुठं धरतील, तुमच्या डोक्यावर?"

"तीन महिन्यांपासून तिकडं असेच आहेत. पाहा नं कसे आले."

"ते माझ्या मेथीच्या जिवावर आले! काढा, काढा ते. दीड वीत पाहिजे."

"दीड वीत? दीड वितीत तर मी धानाची अख्खी बांधी लावते."

"तर मग धानच लावा! भंडाऱ्याच्या माणसाला नवलकोल काय कळणार?"

"अन् पुण्यात काय पिकते हो? पाट्या?"

"काय म्हणालात?"

"पाट्या! 'येथे थांबू नये' अन् 'बेल एकदाच वाजवावी'!"

"पुण्याचं नाव काढायचं काम नाही! सरका, मी दाखवते."

"खुरपं तिरपं धरता तुम्ही. मूळ कापून राहिले त्याचं."

"चाळीस वर्षं बाग केलीये मी!"

"कुंड्यांत!"

आवाज टेकडीवर जाऊन परत येत होता. तीन वाफे सोडून मुळे उपटणारा एक दाढीवाला गृहस्थ उभा राहिला. लोरेन हातातली कंपोस्टची गाडी सोडून धावत आली आणि विचारू लागली, काय झालं, मदत हवी का? दोघींनी एकदम मागं वळून पाहिलं, ती मध्ये का आली हे न कळल्यासारखं. रत्नाबाईंनी दोन शब्दांत तिला वाटेला लावलं आणि पुन्हा सुजाताबाईंकडे वळल्या, "हां, काय म्हणत होतात? कुंड्यांत?"

दुपारी दीड वाजता दोघी थांबल्या ते पाय भरून आले म्हणून. ओळी सव्वा वितीवर लागल्या होत्या आणि ते अंतर कोणाच्या बाजूचं, हे ठरलेलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला आयुष बाहेर आला. आई जेवत होती. तिसरी पोळी. गालावर चिखलाचा वाळलेला पट्टा, आवाज बसलेला.

"आई, ओके ना?"

"भांडण झालं," सुजाताबाई म्हणाल्या.

आयुष खुर्ची ओढून समोर बसला. "कोणाशी? त्या परचुरे काकूंशी? काय बोलल्या त्या तुला? मी मॅनेजरशी बोलतो. आत्ता मेल करतो."

"खबरदार मधात पडशील तर!" सुजाताबाईंनी तोंडातला घास तसाच ठेवून बोट उगारलं. "अर्धंच झालं अजून. बाकीचं उद्या सकाळी आहे."